पांढऱ्या वाघाचे काळे पट्टे

भोपाळात महाराणा प्रताप नगर हे नाव फक्त पत्त्यावर लिहायचं; बोलताना एमपी नगरच. इथल्या झोन टूमध्ये मी नीटच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. परवा मुकुंदपूरची सफारी करून आलेल्या एका मुलाने मोबाइल पुढे केला. "मॅडम, ये व्हाइट टायगर एल्बिनो होता है ना?"

मी फोटो मोठा केला. "तो फिर ये धारियाँ?"

अल्बिनो प्राण्यात मेलॅनिन जवळजवळ तयारच होत नाही. मग पट्टे येणार कुठून? सस्तन प्राण्यांच्या केसांत हे रंगद्रव्य दोन तऱ्हेचं असतं: काळं-तपकिरी युमेलॅनिन आणि पिवळं-तांबूस फिओमेलॅनिन. पांढऱ्या वाघात पिवळं हरवतं, काळं बरंचसं टिकतं. एसएलसी४५ए२ या जनुकातल्या एका बदलाचा हा परिणाम, हे २०१३ साली सिद्ध झालं. त्या प्रथिनात ४७७व्या जागी अलॅनिनऐवजी व्हॅलिन येतं. एवढंच! याच जनुकाच्या वेगळ्या रूपाचा युरोपीय लोकांच्या गोरेपणात वाटा आहे. म्हणून त्याला 'गोरेपणाचं जनुक' मात्र म्हणू नये. माणसाचा वर्ण अनेक जनुकं मिळून ठरवतात, आणि क्रीमच्या ट्यूबला त्यातलं एकही जुमानत नाही.

पांढरा वाघ ही वेगळी जातही नव्हे. तो आपला पट्टेरी वाघच. रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी १९५१ साली सीधीच्या जंगलात पांढरा बछडा पकडला आणि गोविंदगढच्या वाड्यात वाढवला. तो मोहन. बेगम नावाच्या पिवळ्या वाघिणीशी त्याची जोडी लावली; तीन वेतं झाली, एकही पिल्लू पांढरं नाही. गुण अप्रभावी, आई-बाप दोघांकडून यावा लागतो. मग मोहनची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी लावली. १९५८ साली चार पिल्लं झाली, चारही पांढरी. पुढे प्राणिसंग्रहालयांनी हौसेपायी नात्यातच जोड्या लावल्या आणि पिढ्या दुबळ्या केल्या. त्याचं खापर रंगावर फोडणं मला पटत नाही.

फळ्यावर मोहन-राधाच्या पिल्लांच्या शक्यता दाखवणारा चौकोन काढला. निम्मी पांढरी, निम्मी पिवळी. मुलगा अडला. "मॅडम, चार में से दो होने चाहिए थे."

हा गैरसमज परीक्षेत सगळ्यात जास्त गुण खातो. निम्मी शक्यता प्रत्येक पिल्लाची स्वतंत्र असते. चारही पांढरी होण्याची सोळात एक. त्याला म्हटलं, नाणं काढ आणि चारदा उडव. खिशात नाणं नव्हतं. हल्ली चहाचे पैसेही मोबाइलवरूनच देतात.