विश्लेषण : चित्रांचे वेळापत्रक, शांत कोपरा, परीक्षेतील सवलती… न्यूरोडायव्हर्स मुलांची शाळा कशी चालते?

‘एका जागी बसत नाही’, ‘हाक मारली तरी बघत नाही’, ‘सगळे येते, पण लिहायला दिले की रडतो’. बालवाडी किंवा पहिलीतील मुलांच्या पालकांना शाळेकडून अशा तक्रारी येऊ लागतात, तेव्हा अनेक घरांत पहिल्यांदाच स्वमग्नता, अतिचंचलता, अध्ययन अक्षमता हे शब्द ऐकू येतात. मग प्रश्न येतो शाळेचा. याच शाळेत ठेवायचे, की विशेष शाळेत घालायचे? तिथे नक्की काय शिकवतात, आणि पुढे दहावीचे काय?

न्यूरोडायव्हर्स म्हणजे नेमके कोण?

प्रत्येकाच्या मेंदूची जडणघडण वेगळी असते आणि हा फरक म्हणजे आजार नव्हे, हा ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ या संकल्पनेचा गाभा. १९९०च्या दशकात स्वमग्न व्यक्तींच्या आपसांतील चर्चांतून ती पुढे आली. ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्रज्ञ ज्युडी सिंगर यांच्या १९९८च्या प्रबंधामुळे ती विद्यापीठीय वर्तुळात पोहोचली. स्वमग्नता (ऑटिझम), अतिचंचलता (एडीएचडी), डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमता यांचा त्यात प्रामुख्याने समावेश होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालासाठीच्या अंदाजानुसार जगात साधारण १२७ जणांमागे एक व्यक्ती स्वमग्न आहे.

भारतात २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. त्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. मात्र अतिचंचलता हा स्वतंत्र प्रकार या यादीत नाही. त्यामुळे केवळ अतिचंचलतेचे निदान झालेल्या मुलांचे पालक प्रमाणपत्र आणि सवलतींच्या बाबतीत कात्रीत सापडतात.

वर्ग वेगळा कसा असतो?

पहिला फरक दिसतो तो भिंतींवर. नेहमीच्या बालवर्गात भिंती तक्ते, पताका आणि चित्रांनी भरलेल्या असतात. स्वमग्न मुलांच्या वर्गात त्या मुद्दाम मोकळ्या ठेवतात. यापैकी अनेक मुलांना प्रकाश, आवाज, स्पर्श, वास इतरांपेक्षा फार तीव्र किंवा फार क्षीण जाणवतात. ट्यूबलाइटची गुणगुण, गणवेशाच्या कॉलरमागचे लेबल, शेजारच्या डब्यातील लसणीच्या फोडणीचा वास यांपैकी कशानेही लक्ष उडू शकते. म्हणून कर्कश घंटेऐवजी हलका सूर, खुर्च्यांच्या पायांना रबर, कान झाकणारे हेडफोन आणि एका बाजूला पडदा किंवा गादी टाकलेला शांत कोपरा अशी व्यवस्था असते. हा कोपरा शिक्षेची जागा नसतो. आवाज, गर्दी असह्य झाली की मुलाने आपणहून तिथे जावे, हेच त्याला शिकवलेले असते.

काही मुलांना याउलट जास्त हालचाल लागते. त्यांच्यासाठी झोका, उडी मारण्याची छोटी जाळी, बसायला मोठा चेंडू असतो. पाच मिनिटे झोका घेतल्यावर मूल दहा मिनिटे बसणार असेल, तर तो झोका अभ्यासाचाच भाग धरला जातो. कोणत्या मुलाला काय लागते हे व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) ठरवतात.

दिवसाची आखणी कशी करतात?

पुढे काय होणार हे न कळणे हे स्वमग्न मुलांच्या अस्वस्थतेचे एक मोठे कारण. त्यामुळे दिवस सुरू होतो तो चित्रांच्या वेळापत्रकाने. प्रार्थना, काम, डबा, खेळ, बस अशी चित्रे एका पट्टीवर क्रमाने लावलेली असतात. एक काम झाले की मूल ते चित्र काढून ‘झाले’च्या पाकिटात टाकते. पावसामुळे मैदान बंद असेल, तर खेळाच्या चित्रावर फुली मारून शेजारी दुसरे चित्र लावतात. बदल टाळता येत नाही, पण तो आधी सांगता येतो.

कामाची मांडणीही ठरलेली असते. डावीकडे टोपल्यांत करायची कामे, उजवीकडे संपलेल्या कामांची टोपली. किती काम आहे, ते कधी संपणार आणि नंतर काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मुलाला न विचारता डोळ्यांनी मिळतात. एरिक शॉप्लर यांनी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९७२ मध्ये उभारलेल्या ‘टीच’ कार्यक्रमातून ही पद्धत जगभर गेली.

बोलता न येणारे मूल शिकते कसे?

बोलता येत नाही म्हणजे सांगण्यासारखे काही नाही, असा अर्थ होत नाही. सांगण्याची सोय नसेल तर मूल ओरडून, ढकलून, चावून सांगते. म्हणून आधी संवादाचे साधन देतात. १९८५ मध्ये अमेरिकेत अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी विकसित केलेल्या ‘पेक्स’ पद्धतीत मूल हव्या त्या वस्तूचे चित्र उचलून समोरच्याच्या हातात देते आणि ती वस्तू लगेच मिळवते. सुरुवातीला दोन मोठी माणसे लागतात. समोरचा चित्र घेतो, मागचा काही न बोलता मुलाचा हात पुढे नेण्यास मदत करतो. हळूहळू ‘मला’, ‘हवे’, ‘लाल’, ‘चेंडू’ अशी चित्रे जोडून वाक्ये होतात.

आता टॅबवरील अ‍ॅपही वापरात आहेत. चित्रावर बोट ठेवले की टॅब तो शब्द बोलतो. चेन्नईत तयार झालेले ‘आवाज’ आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये विकसित झालेले ‘जेलो’ ही भारतीय उदाहरणे. ‘जेलो’ मराठीतही चालते, ही महत्त्वाची गोष्ट. आजी घरात मराठी बोलते आणि टॅब फक्त इंग्रजी, तर ते साधन शाळेच्या दप्तरातच राहते. चित्रे किंवा टॅब दिल्यास मूल बोलायचा आळस करेल, ही भीती पालकांत सर्रास असते. संशोधनात मात्र तसे आढळलेले नाही. काही मुलांचे बोलणे उलट वाढते.

अभ्यासक्रम कोणता असतो?

विशेष शाळेत प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा असतो. शिक्षक, उपचारतज्ज्ञ आणि पालक मिळून तो तयार करतात व ठरावीक काळाने तपासतात. ‘गणित सुधारणे’ असे मोघम उद्दिष्ट त्यात चालत नाही. ‘दहा रुपयांपर्यंतची नाणी ओळखून दुकानदाराला देणे’ असे मोजता येणारे उद्दिष्ट लागते.

मुंबईतील जय वकील ही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी १९४४ मध्ये सुरू झालेली संस्था. तिने तयार केलेला ‘दिशा’ अभ्यासक्रम राज्याने अशा मुलांच्या विशेष शाळांसाठी स्वीकारला आहे. शाळा बदलली तरी मुलाची प्रगती एकाच मापाने पाहता यावी, हा त्यामागचा एक फायदा.

लेखन-वाचनाबरोबर शर्टाची बटणे लावणे, नाडी बांधणे, पोहे भिजवणे, रस्ता ओलांडणे हेही वेळापत्रकात असते. वर्गातील खोट्या नोटांवर शिकलेला हिशेब खऱ्या दुकानात चालेलच असे नाही. एका जागी शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी वापरणे अनेक स्वमग्न मुलांना अवघड जाते. त्यामुळे वर्ग किराणा दुकानात, भाजी मंडईत, बसथांब्यावर न्यावा लागतो आणि तोच सराव घरी करून घ्यावा लागतो. वयात येताना मासिक पाळी, खासगी अवयव, सुरक्षित स्पर्श हेही चित्रांतून, थेट शब्दांत शिकवतात. आडवळणाने सांगितलेले या मुलांना कळत नाही आणि न सांगितल्याचा धोका मोठा असतो.

डिस्लेक्सिया आणि देवनागरीचे गणित काय?

देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते इंग्रजीपेक्षा सरळ आहे. म्हणून मराठी माध्यमात डिस्लेक्सिया नसतो, असा गैरसमज आहे. अडचण असते, फक्त ती वेगळ्या ठिकाणी दिसते. घ-ध, भ-म, प-ष यांतला फरक बारीक. ‘कि’मधील वेलांटी आधी लिहायची, पण उच्चारायची नंतर. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’, ‘तऱ्हा’ या चार शब्दांत एकच ‘र’ चार रूपांत येतो. त्यात महाराष्ट्रातील मूल मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांशी एकाच वेळी झुंजत असते.

यावर बहुसंवेदी पद्धत वापरतात. रव्याने भरलेल्या ताटात अक्षर बोटाने गिरवायचे, त्याच वेळी मोठ्याने म्हणायचे, मग डोळे मिटून हवेत काढायचे. अमेरिकेत १९३०च्या दशकात सॅम्युअल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांच्या कामातून या पद्धतीचा पाया घातला गेला. परीक्षेसाठी अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना सवलती देण्यात महाराष्ट्र देशात पुढे होता. १९९६ मध्ये राज्याने त्या अधिकृतपणे लागू केल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित अशा त्या आहेत. मात्र अधिकृत केंद्राचे प्रमाणपत्र आवश्यक असते आणि दहावीच्या तोंडावर धावपळ करणाऱ्यांचे हाल होतात. नेहमीचे मंडळ झेपत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा (एनआयओएस) पर्याय आहे. तिथे पाच वर्षांत नऊ संधींमध्ये एकेक विषय सोडवता येतो.

शिस्त कशी लावतात? वाद कशावरून?

मूल जमिनीवर लोळते, कान झाकून किंचाळते, तेव्हा तो हट्ट आहे की ‘मेल्टडाउन’, हे ओळखणे शिक्षकाचे पहिले काम. हट्टामागे काहीतरी मिळवायचे असते. मेल्टडाउनमध्ये मुलाचा स्वतःवरचा ताबाच सुटलेला असतो. तिथे ओरडणे निरुपयोगी ठरते. आवाज कमी करणे, गर्दी हटवणे आणि थांबणे एवढेच करता येते. नंतर आधी काय घडले, काय केले, पुढे काय झाले याची नोंद ठेवतात. त्यातून अनेकदा अगदी साधे कारण सापडते : बसचा बदललेला मार्ग, गणपतीच्या सरावातील ढोल, रिकामे पोट.

वर्तन बदलण्याच्या पद्धतींवर मात्र तीव्र मतभेद आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांच्या कामातून पुढे आलेली ‘एबीए’ पद्धत अपेक्षित वर्तनाला बक्षीस देते. सुरुवातीच्या काळात तिच्यात शिक्षाही होत्या. बळेच नजरेला नजर द्यायला लावणे, हात फडफडवणे थांबवणे म्हणजे मुलाला आयुष्यभर मुखवटा घालायला शिकवणे, असा प्रौढ स्वमग्न व्यक्तींचा आक्षेप आहे. कोणालाही इजा होत नसेल तर हात फडफडू द्यावेत, अशी भूमिका घेणाऱ्या शाळा आता वाढत आहेत.

या मुलांना मित्र नको असतात का?

हा आणखी एक गैरसमज. मधल्या सुट्टीत एकटे बसलेले मूल मैत्री टाळत असेलच असे नाही. खेळात शिरायचे कसे, हे त्याला उमगलेले नसते. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडले, की न समजणे दुहेरी असते. स्वमग्न व्यक्तीला इतर जण कळत नाहीत, तसेच इतरांनाही ती कळत नाही. म्हणून विशेष शाळांत आगगाडीचे डबे, नकाशे, लिफ्ट अशा समान आवडींवर गट जमवतात. स्नेहसंमेलनात सर्वांनी एकाच तालावर नाचण्याऐवजी कुणी पडदा ओढतो, कुणी दिवे सांभाळतो.

विशेष शाळा की नेहमीची शाळा?

कायद्याने हा निर्णय पालकांवर सोडला आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तीव्र वा बहुविकलांगता असल्यास शिक्षण हक्क कायद्यातील २०१२च्या दुरुस्तीनुसार घरी राहूनही शिकता येते.

प्रत्यक्षात निवड सोपी नाही. विशेष शाळेत माणसे प्रशिक्षित असतात, पण शेजारपाजारच्या मुलांची सोबत सुटते. नेहमीच्या शाळेत सोबत मिळते, पण ५० मुलांच्या वर्गात आधार मिळत नाही. अनेक शाळा पालकांनाच पदरमोड करून ‘शॅडो टीचर’ आणायला सांगतात. महाराष्ट्रात नेहमीच्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, तर विशेष शाळा २०२२ मध्ये स्थापन झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत. मूल एका व्यवस्थेतून दुसरीकडे जाताना ही दरी जाणवते.

खरा तुटवडा शिक्षकांचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी रजनीश कुमार पांडे खटल्यात तात्पुरते निकष घालून दिले. सेरेब्रल पाल्सी असलेल्या ८, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या ५ आणि बहिरेपण व अंधत्व एकत्र असलेल्या २ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे त्यात म्हटले आहे. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा राज्यांना पदे निश्चित करून भरती करण्यास सांगावे लागले. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलासाठी वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. शहरातील खासगी उपचारांच्या शुल्कापुढे ही रक्कम किरकोळ ठरते. तालुक्याच्या गावी तर पैसे असले तरी उपचारतज्ज्ञ मिळत नाहीत.

अठराव्या वर्षानंतर काय?

विशेष शाळा साधारण १८ वर्षांपर्यंत असते. पुढे कार्यशाळा असतात. तिथे पणत्या रंगवणे, कागदी पिशव्या, मसाल्यांचे पॅकिंग, बेकरी, संगणकावर माहिती भरणे अशी कामे शिकवली जातात. अशा जागा कमी असल्याने शाळा संपताच अनेक जण घरी बसतात आणि शिकलेली कौशल्येही मागे पडतात. म्हणून चौदा-पंधराव्या वर्षापासूनच कामाची तयारी सुरू करावी, असे या क्षेत्रातील अनुभवी शिक्षक सांगतात.

१८ वर्षे पूर्ण झाल्यावर आई-वडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीसाठी, आवश्यक असल्यास, राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते आणि त्यात उपचारसत्रांचाही समावेश आहे. शाळा निवडताना पालकांनी इमारत आणि उपकरणे पाहण्याबरोबर तीन गोष्टी जरूर विचाराव्यात : शिक्षक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहेत का, वैयक्तिक आराखड्याच्या बैठकीला पालकांना बसवतात का, आणि शाळेतून बाहेर पडलेली मुले आज काय करतात.