शेड झाली, धूर काही थांबेना

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास दवाखाना आवरत होतो. तेवढ्यात जवळच्या गावातील एक आजोबा सात वर्षांच्या नातवाला खांद्यावर घेऊन आत आले. मुलाच्या छातीचा भाता चालला होता, बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती, आणि दोन शब्द बोलले की तिसऱ्याला दम पुरत नव्हता. नेब्युलायझर लावला. पाऊण तासाने मुलगा बिस्किट मागू लागला तेव्हा कुठे आजोबा स्टुलावर टेकले.

"डॉक्टरसाहेब, दोन महिन्यांतली ही तिसरी खेप. शाळेमागं कचरा पेटवला की दुसऱ्या दिवशी ह्याचं हे असं."

"पण तुमच्या गावात कचऱ्याची शेड झाली आहे ना?" मी विचारले.

"झालीय की. रंग बी मारलाय. कुलूप हाय तिला." मग थोडे थांबून म्हणाले, "सरकारनं कचऱ्यासाठी पैसा दिला म्हणतात. मग नातवाला पंप का घ्यावा लागतो?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्या एम.बी.बी.एस.च्या कोणत्याही पुस्तकात नव्हते. शिवाय मला तो जरा जास्तच लागला, कारण दोन वर्षांपूर्वी त्या शेडची फीत कापायला पाहुणा म्हणून मीच गेलो होतो. माश्या, जुलाब आणि कावीळ यांवर वीस मिनिटे भाषण केले, नारळ घेतला, शाल घेतली आणि परत आलो. उद्यापासून इथे काम कोण करणार आणि त्याचा पगार कोण देणार, हा साधा प्रश्न मी विचारला नाही. म्हणून आज सदरात औषधांऐवजी अनुदानाबद्दल लिहितो आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आधी आजाराचे बोलू. ओला पालापाचोळा, चिंध्या आणि प्लॅस्टिक एकत्र पेटवले की ते नीट जळत नाही, धुमसते. त्या धुरात काजळीचे अतिसूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड असतो. पीव्हीसीचे तुकडे असतील तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन नावाची घातक द्रव्येही तयार होतात. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी हा धूर वर जात नाही, जमिनीलगत तरंगत राहतो. नेमक्या त्या वेळी मुले अंगणात खेळत असतात, आणि वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेते. ज्याला मुळातच दमा आहे त्याच्या श्वासनलिका या धुराने आवळल्या जातात. घरातल्या चुलीच्या धुराबद्दल आपण बायकांना उपदेश करतो, मात्र चौकातल्या धुराला कोणी धूर म्हणायलाच तयार नसते!

पेटवला नाही आणि नुसता पडू दिला, तर कचरा पावसाळ्याची वाट पाहतो. चहाचे कप, फुटके माठ, नारळाच्या करवंट्या, टायर यांत साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात आणि पाणी लागले की जागी होतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आम्ही 'आठवड्यातून एक कोरडा दिवस' म्हणतो. याच हिशेबाने गावातला सुका कचराही आठवड्यातून एकदा तरी उचलला गेलाच पाहिजे. पंधरा दिवसांनी येणारी घंटागाडी डासांच्या सोयीची, आपल्या नव्हे.

उंदीर हा तिसरा भिडू. १९९४ साली मी इंटर्न होतो. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने थैमान घातले. देशभरात मिळून पन्नासहून अधिक लोक दगावले, पण घबराट अशी की लाखो लोक सुरत सोडून पळाले. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दुकानांतून दिसेनाशा झाल्या. आमच्या वॉर्डात साध्या खोकल्याचा माणूसही तोंडाला रुमाल बांधून यायचा. सुरतेत त्या आधी पूर आला होता, कचरा आणि मेलेली जनावरे रस्त्यांवर कुजत होती. पुढे १९९५ साली एस. आर. राव तिथे महापालिका आयुक्त म्हणून आले आणि दोनएक वर्षांत त्याच शहराचे नाव स्वच्छतेसाठी घेतले जाऊ लागले. मला आजही त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. अधिकाऱ्यांनी रोज सकाळी वॉर्डात फिरायचे आणि पाहिलेले त्याच दिवशी सांगायचे, हा तिथला शिरस्ता होता. त्याला पैशापेक्षा पाय जास्त लागतात.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळू. कचऱ्यासाठी पैसा येतो का? येतो, आणि कसा येतो ते प्रत्येक गावकऱ्याला माहीत असायला हवे. २०२० साली स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) या योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. पहिला टप्पा शौचालयांचा होता, दुसऱ्यात घनकचरा आणि सांडपाणी आले. त्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी दरडोई ६० रुपयांपर्यंत आणि सांडपाण्यासाठी दरडोई २८० रुपयांपर्यंत निधी धरला होता. पाच हजारांच्या वरच्या गावाला हेच आकडे ४५ आणि ६६० होते. अगदी लहान गावालाही दोन्ही मिळून गरजेप्रमाणे किमान एक लाख रुपये वापरता येतील अशी तरतूद होती. यातला ३० टक्के भाग ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातून घालायचा होता. वित्त आयोगाच्या त्या अनुदानातही २०२१ ते २०२६ या काळासाठी साठ टक्के रक्कम 'बंधित' होती, म्हणजे निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठीच.

आजोबांचे गाव तीन हजार वस्तीचे. घनकचऱ्याचे झाले एक लाख ऐंशी हजार. त्यातले चोपन्न हजार पंचायतीचे, उरलेले मिशनचे. शेड, दोन सायकल-गाड्या, खताचे खड्डे आणि डबे एवढ्यात रक्कम संपते. गाड्या आता गंजल्या आहेत, डब्यांत काही घरी ज्वारी भरली आहे. (डबा चांगला असतो, बायकांना दोष देत नाही.)

गाठ इथे आहे. अनुदान एकदा येते, कचरा रोज येतो. विटा, पत्रा, गाडी यांना पैसा मिळतो, फोटो निघतो, वापराचा दाखला वर जातो. पण गाडी ओढणाऱ्या बाईचा पगार, हातमोजे, पंक्चर हा रोजचा खर्च पंचायतीने वित्त आयोगाच्या पैशातून, स्वतःच्या उत्पन्नातून किंवा घरपट्टीबरोबर घेतलेल्या शुल्कातून भागवायचा असतो. शुल्क लावले तर मते जातात, म्हणून कोणी लावत नाही. मग शिपायाला सांगतात, "पेटवून टाक." बड्या कंपन्यांच्या सामाजिक निधीचेही तेच. गाडीवर कंपनीचे नाव ठळक असते, ती चालवणार कोण ते लिहायला जागा उरत नाही.

याच्या उलटही पैसा दिला गेला आहे, आणि तो आपल्याच राज्यात. २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री होते. त्यात आधी अनुदान नव्हते, आधी काम आणि मग बक्षीस. लोकांनी श्रमदान करून गावे झाडली, खड्डे भरले. स्पर्धेची समिती येऊन गेल्यावर काही गावांत पुन्हा उकिरडे झाले हेही मी पाहिले आहे. तरी गावातला प्रत्येक माणूस एकदा तरी हातात झाडू धरून उभा राहिला, एवढे त्या अभियानाने केले. नुसत्या शेडने ते होत नाही.

पुण्यात कचरावेचक बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली आणि पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. तिच्या सभासद घरोघर जाऊन वर्गीकरण केलेला कचरा घेतात, दर महिन्याला घरटी शुल्क घेतात आणि सुक्यातले विकले जाणारे स्वतः विकतात. उकिरड्यात हात घालणाऱ्या बाईला सुई टोचते, काच लागते, मग कावीळ ब आणि धनुर्वाताची भीती. दारात वेगळा करून दिलेला कचरा घेणाऱ्या बाईचा हा धोका पुष्कळ कमी होतो. माझ्या दृष्टीने हाच त्या पद्धतीचा सर्वांत मोठा आरोग्यलाभ. आणि लहान गावाला जमत नाही म्हणणाऱ्यांनी वेंगुर्ल्याकडे पाहावे. कोकणातली ती छोटी नगरपालिका. तिने कचरा अनेक प्रकारांत वेगळा करायला लावला, डेपोच्या जागी बाग उभी केली, आणि प्लॅस्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यात वापरले. लोक ती जागा पाहायला सहलीने जातात.

वाचकहो, दुसऱ्याच्या कचऱ्याबद्दल लिहिताना आपलाही आठवावा. दवाखाना काढला तेव्हा सुया, कापूस, सलाईनच्या नळ्या मी मागच्या खड्ड्यात टाकून रॉकेल ओतत असे. सगळेच ओतत. १९९८ साली जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले, तेव्हा आम्ही डॉक्टरांनी पहिली वर्षभर कुरकुरच केली. आज पिवळ्या आणि लाल पिशव्या घेऊन गाडी येते आणि त्याचे पैसे मी दरमहा मोजतो. तेव्हा घरटी शुल्क देताना लोकांच्या कपाळावर आठ्या का पडतात ते मला चांगले कळते.

आजोबांना मी कागदावर हिशेब मांडून दिला. तीन हजार वस्ती म्हणजे साधारण सहाशे उंबरे. घरटी रोज एक रुपया, म्हणजे महिन्याला अठरा हजार. बचत गटाच्या दोन बायकांना अर्ध्या दिवसाच्या कामाचे प्रत्येकी सात हजार, उरलेले चार हजार गाड्यांची दुरुस्ती, हातमोजे, बूट आणि वर्षातून एकदा धनुर्वाताची आणि काविळीची लस कोणाची राहिली आहे ते तपासायला. ओला कचरा खड्ड्यात किंवा नाडेपच्या टाकीत. ही टाकी आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी सुचवलेली, त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच तिला नाडेप म्हणतात. भोके ठेवलेल्या विटांची टाकी, तीन-चार महिन्यांत खत. सुक्यातला पुठ्ठा आणि पाण्याच्या बाटल्या भंगारवाला घेतो. वेफर्स आणि गुटख्याच्या पुड्या मात्र कोणी घेत नाही. (गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, हे गटारांना अजून कळलेले नाही.) त्यांच्यासाठीच मिशनमध्ये तालुक्याला एक प्लॅस्टिक केंद्र आणि त्याला सोळा लाखांपर्यंत निधी धरला होता. आपल्या तालुक्यात ते कुठे आहे आणि गावाची गाठोडी तिथे कोण पोचवते, हे पंचायत समितीत जाऊन विचारायचे.

आणखी एक सांगितले. गावाचा विकास आराखडा दर वर्षी २ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळात ग्रामसभेपुढे ठेवून तयार करण्याची पद्धत आहे. त्यात 'घनकचरा' या ओळीपुढे काय लिहिले आहे ते ग्रामसेवकांना (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) वाचून दाखवायला सांगा. खरेदी लिहिली असेल तर चालवण्याचा खर्च कुठे आहे तेही विचारा. लेखी विचारा, इतिवृत्तात घ्यायला सांगा.

आजोबा निरक्षर नाहीत, पण भिडस्त. तरी ते २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उठले. सोबत माझी चिठ्ठी होती, मुलाच्या तीन झटक्यांच्या तारखा लिहिलेली. कोणीतरी म्हणाले, दमा तर खानदानी असतो. दुसरा म्हणाला, रुपया कशाला, सरकार देतंच की. बराच गोंधळ झाला. शेवटी शाळेच्या बाजूच्या दोन आळ्यांपुरते तीन महिने करून पाहू, असे ठरले. शेडची किल्ली एका बचत गटाकडे गेली. पहिल्या महिन्यात एकशे दहा घरांपैकी एकाहत्तर घरांनी पैसे दिले. उरलेल्यांत एक घर सदस्याचेच आहे.

फेब्रुवारीत शाळेमागे एकदा पुन्हा धूर दिसला. मुख्याध्यापकांनी स्वतः बादली ओतली. मुलगा मागच्या आठवड्यात तपासणीला आला होता, छाती साफ होती. आजोबा म्हणाले, "आता पंप बंद करू का?" मी नको म्हणालो. रोज घ्यायचा पंप धाप लागत नसली तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत चालूच ठेवायचा असतो, नळकांडे लावून, आणि घेतल्यावर चूळ भरायची. त्याची सवय होत नाही, त्याने मूल अधू होत नाही. किल्लीचे विचारले, तर म्हणाले, "अजून बायांकडंच हाय. कुलूप मात्र नवं घेतलं, जुनं गंजून बसलं होतं."