हाडं औषधाचं नाव सांगतात, मात्रा नाही

बेंगळुरूहून बोलतोय. आजचा प्रश्न थेट विचारतो. माणसाचा फक्त सांगाडा उरला असेल, तर त्याला गुंगीचं औषध दिलं होतं का, हे कळू शकतं का?

आमच्या शहरातला एक खटला आठवा. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांची नात शाकिरा खलीली मे १९९१ नंतर कुणालाच दिसल्या नाहीत. मुलीनं तक्रार दिली १९९२ मध्ये. मार्च १९९४ मध्ये रिचमंड रोडवरच्या त्यांच्याच घराच्या आवारात पुरलेल्या पेटीतून सांगाडा निघाला. जागा दाखवली त्यांच्या दुसऱ्या नवऱ्यानं, स्वामी श्रद्धानंद यानं. गुंगीचं औषध देऊन पेटीत घातलं आणि पुरलं, अशी हकिकत न्यायालयापुढे आली.

जवळपास तीन वर्षं मातीखाली! रक्त नाही, लघवी नाही, जठर नाही. अशा वेळी तपासायचं काय?

हाड दगडासारखं वाटतं, पण जिवंतपणी त्यात रक्त खेळत असतं. रक्तातलं औषध मज्जेत आणि हाडाच्या आतल्या जाळीदार भागात पोचतं. प्रयोगशाळेत हाड स्वच्छ करून त्याची पूड करतात, द्रावकात भिजवून औषधाचा अंश बाहेर काढतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर तो ओळखतात. मॉर्फिन किंवा झोपेच्या गोळ्यांचे अंश असे सापडू शकतात. केस उरले असतील तर फारच उत्तम. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून त्याचे तुकडे करून औषध कधीपासून शरीरात जात होतं, याचा अंदाज येतो. प्रेतावर वाढलेल्या माश्यांच्या कोशांची टरफलंही उपयोगी पडतात.

आता मर्यादा. रक्तात अमुक औषध होतं म्हणून हाडात तमुक असेल, असं पक्कं गणित नाही. म्हणजे नेहमीची एक गोळी की जीव घेणारा डोस, हे हाड सांगत नाही. प्रेत कुजताना जठरातलं औषध जवळच्या बरगड्यांत झिरपू शकतं. काही गोळ्यांचं जिवाणू रूपच बदलतात, म्हणून मूळ औषधाबरोबर त्याचे बदललेले अंशही शोधावे लागतात. आर्सेनिक टिकतं, पण ते मातीतही असतं, म्हणून आजूबाजूची माती वेगळी तपासावीच लागते. आणि काहीच सापडलं नाही, तर 'दिलंच नव्हतं' असं म्हणता येत नाही. फौजेतही टेहळणीला शत्रू दिसला नाही, म्हणून तो नाहीच असं आम्ही धरत नाही.

म्हणून असा खटला एका रिपोर्टवर उभा राहत नाही. खलीली प्रकरणात खड्डा कुणी खणून घेतला, पेटी कुणी बनवून घेतली, जागा कुणी दाखवली, याची साखळी जोडावी लागली. कवटी आणि फोटोची जुळणी झाली, डीएनए तपासणी झाली. जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फाशीऐवजी मरेपर्यंत जन्मठेप दिली.

तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. घरचं माणूस बेपत्ता झालं, तर 'येईल परत' म्हणत महिने घालवू नका, लगेच तक्रार द्या. आणि कुठे खोदकामात हाडं दिसली, तर धुऊ नका, हलवू नका. माती तशीच ठेवा आणि पोलिसांना बोलवा. पुरावा त्या मातीतही असतो.

जय हिंद!