फुटपाथ कुणाचा?

एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात मुलाचं बोट आणि पायाखाली उखडलेली फरशी. नगरपरिषदेत तक्रार घेऊन जावं, तर म्हणतात, "बाई, रस्ता बांधकाम खात्याचा." तिकडे गेलं की, "फुटपाथ नगरपरिषद बघते." दोन्ही घरचा पाहुणा उपाशी!

दोघं अगदीच खोटं बोलतात असंही नाही. गावातून जाणारा राज्यमार्ग बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतो, आतले रस्ते नगरपरिषदेकडे. फुटपाथ बांधायला सरकारी अनुदान मिळतं. पण वर्षभराने फरशी हलली की ती बसवायची कुणी, यावर घोडं अडतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मग आपण संकोच का करावा?

मैत्रिणींनो, तोंडी तक्रार नको. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. रस्ता कुणाच्या ताब्यात, दुरुस्ती कुणाकडे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आणि माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असली, तर ५ दिवसांत अर्ज त्यांनीच तिकडे पाठवायचा असतो. आपण चपला झिजवायच्या नाहीत.