वान धरणाचं पाणी आणि मतदाराची कसोटी

मतदानाआधी : लेखांक सहावा

मागच्या लेखांकात उमेदवाराचं शपथपत्र कसं वाचावं ते पाहिलं. यावेळचा प्रश्न त्याहून अवघड आहे. मत देताना पर्यावरणाला पहिलं स्थान द्यायचं असं अकोल्या-अमरावतीतल्या एखाद्या कास्तकारानं ठरवलं, तर त्यानं नेमकं काय पाहायचं? पर्यावरण म्हटलं की आपल्याला ५ जूनचं वृक्षारोपण आठवतं, नाहीतर मेळघाटातला वाघ. दोन्ही गोष्टी हव्यातच. पण वऱ्हाडात या विषयाची सुरुवात पाण्यापासून होते. इथे पाऊस किती पडावा हे कोणाच्या हातात नाही. पडलेलं पाणी कोणाच्या वाट्याला जावं, हे मात्र निवडून दिलेली माणसं ठरवतात.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा घ्या. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४ लाख ७० हजार हेक्टर जमीन या पट्ट्यात येते. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर ही सगळी त्याच पट्ट्यातली नावं. वर खोल काळी कसदार माती आणि खाली खारं पाणी. विहीर खोदली तर पाणी लागतं, पण ते पिकाला दिलं की त्यातल्या सोडियममुळे माती घट्ट होत जाते आणि पुढच्या वर्षी पावसाचं पाणीही जमिनीत नीट मुरत नाही. म्हणून इथली पऱ्हाटी आणि तूर आजही बहुतेक ठिकाणी आभाळाकडे बघूनच उभी असते. पिण्याचं पाणी हा तर वेगळाच छळ आहे. किडनीच्या आजारानं गेलेल्या माणसांची नावं या पट्ट्यातल्या गावागावांत सांगितली जातात. २०१८ साली जागतिक बँकेच्या कर्जातून सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात दुष्काळी गावांबरोबर या पट्ट्यातली गावंही घेतली गेली, ती याच कारणानं.

या पट्ट्याला गोडं पाणी मिळतं ते उत्तरेकडून, सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांवरच्या धरणांतून. त्यातलं एक वान. तेल्हारा तालुक्यात वारी भैरवगडजवळचं हे धरण, त्याचा जलाशय म्हणजे हनुमान सागर. साठा सुमारे ८२ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सरकारी भाषेत ८२ दलघमी. एवढ्याशा पाण्यावर हक्क सांगणारे किती आहेत पाहा. तेल्हाऱ्याचे बागायतदार, कारण धरण बांधलं ते सिंचनासाठी. अकोट तालुक्यातली ८४ खेडी योजना. तेल्हारा आणि अकोट ही शहरं. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातली १४० गावांची योजना. मध्यंतरी अकोला शहरानंही या पाण्याकडे हात केला होता. आणि त्यात भर पडली ती बाळापूर मतदारसंघातल्या ६९ गावांच्या पाणीपुरवठा योजनेची.

पुढे जे झालं ते वऱ्हाडातल्या मतदारानं बारकाईनं पाहण्यासारखं आहे. तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्यांनी या योजनेला विरोध केला आणि शासनानं तिला स्थगिती दिली. मग एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख खाऱ्या पाण्याचा टँकर बरोबर घेऊन अकोल्याहून पायी नागपूरला निघाले. ऐन उन्हाळ्यात निघालेली ही यात्रा नागपूरच्या वेशीवर पोलिसांनी अडवली आणि आमदारांना ताब्यात घेतलं. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत देशमुख बाळापुरातून पुन्हा निवडून आले. त्या विजयाचं सगळं श्रेय पाण्याला देणं चूक ठरेल. पक्षफूट, जात, आघाडी हे सगळं त्यात होतं. पण पाण्यासाठी चाललेला उमेदवार लोकांच्या लक्षात राहतो, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आता खरा पेच. तेल्हाऱ्याचा शेतकरी चुकीचं बोलतो का? धरण सिंचनाचं, जमीन त्याच्या तालुक्याची, आणि दरवर्षी पिण्याच्या पाण्याचं नवं आरक्षण वाढलं की त्याचं ओलिताचं क्षेत्र कमी होतं. त्याचं म्हणणं खरं आहे. बाळापूरकडची बाई चुकीचं बोलते का? जे पाणी ढोरंही तोंडाला लावत नाहीत ते तिनं लेकरांना का पाजावं? तिचंही म्हणणं खरं आहे. पर्यावरणाला पहिलं मत म्हणजे ‘आमच्या गावाला पाणी देईल त्याला मत’ असं समजलं, तर हे दोघं एकमेकांच्या विरोधात मत देत राहतील, आणि दोघांचीही मतं घेऊन निवडून येणारे मोकळे राहतील.

यातली मेख मतदारसंघांच्या हद्दीत आहे. तेल्हारा तालुका अकोट विधानसभा मतदारसंघात येतो, बाळापूरचा मतदारसंघ वेगळा. नदी मात्र ही हद्द मानत नाही. सातपुड्यातून निघालेली वान शेवटी पूर्णेलाच मिळते, आणि तिच्या पाण्यावर दोन जिल्हे जगतात. त्यामुळे एका मतदारसंघात ‘थेंबही जाऊ देणार नाही’ म्हणून निवडून येता येतं आणि शेजारच्या मतदारसंघात ‘आणल्याशिवाय राहणार नाही’ म्हणूनही. दोघांनाही दुसऱ्या बाजूच्या मतदाराला तोंड द्यावं लागत नाही. लोकसभेच्या उमेदवाराला मात्र अकोट आणि बाळापूर दोन्हीकडे मतं मागावी लागतात. माझी कसोटी इथूनच सुरू होते. जो उमेदवार तेल्हाऱ्याच्या सभेत आणि बाळापूरच्या सभेत या प्रश्नावर एकच उत्तर देतो, त्याचं उत्तर आपल्याला पटो न पटो, त्याला पाण्याविषयी काही मत आहे. जो गाव बदललं की उत्तर बदलतो, त्याला फक्त मतदार दिसतो.

ते एक उत्तर काय असू शकतं? जुन्या प्रादेशिक योजनांच्या जलवाहिन्यांतून किती पाणी वाया जातं, ते आधी मोजावं. शहराचं सांडपाणी शुद्ध करून उद्योगाला आणि बांधकामाला द्यावं, म्हणजे धरणावरची मागणी तेवढी घटेल. पूर्णेवरच्या बॅरेजेसमध्ये अडवलेलं पाणी खरोखर शेतापर्यंत पोचवावं. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं खारपाणपट्ट्यासाठी शेततळ्याचा मार्ग कधीचाच सांगितला आहे. पावसाचं गोडं पाणी तळ्यात धरून दोन संरक्षित ओलितं दिली तर विहिरीच्या खाऱ्या पाण्याची गरजच पडत नाही. यात भव्य घोषणेसारखं काही नाही, आणि बहुधा म्हणूनच हे मुद्दे प्रचाराच्या भोंग्यावर ऐकू येत नाहीत.

अमरावतीकडे आलो की हाच प्रश्न मोठ्या मापात समोर येतो. मोर्शीजवळ सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण. उपयुक्त साठा ५६४ दलघमी. नांदगावपेठच्या औद्योगिक वसाहतीत इंडियाबुल्सच्या सोफिया औष्णिक वीज प्रकल्पाला या धरणातून वर्षाला ८७.६ दलघमी पाणी मंजूर झालं. सुमारे २३ हजार हेक्टरचं सिंचन त्यामुळे जाणार, हा आक्षेप घेऊन अमरावतीत मोठं आंदोलन झालं, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातही गेलं. प्रकल्प उभा राहिला. २७० मेगावॅटचे पाच संच, एकूण १३५० मेगावॅट. आज तो रतनइंडिया या नावानं ओळखला जातो. ज्या अमरावती विभागात सिंचनाचा अनुशेष आहे हे शासन स्वतः कबूल करत आलं, त्याच विभागातल्या सिंचनाच्या धरणाचं पाणी कोळशाच्या विजेकडे वळलं. हा निर्णय मला तेव्हाही अन्यायाचा वाटला आणि आजही वाटतो.

पण मतदारानं इथे आंदोलनापेक्षाही जास्त लक्ष कायद्याकडे द्यायला हवं. पाण्याची फेरवाटणी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं करावी, त्यासाठी सुनावणी व्हावी, असं २००५ चा कायदा सांगत होता. प्रत्यक्षात अनेक धरणांचं पाणी मंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीनं परस्पर वळवलं. न्यायालयात हे प्रश्न उभे राहू लागले तेव्हा २०११ मध्ये विधिमंडळानं कायद्यातच सुधारणा केली. आधीच्या वाटपांना संरक्षण मिळालं आणि पुढचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला. त्याच वर्षी पाण्याच्या अग्रक्रमात शेतीला उद्योगाच्या वर आणलं गेलं, हेही खरं. एका हातानं अग्रक्रम दिला आणि दुसऱ्या हातानं दाद मागण्याची वाट अरुंद केली. हे सगळं आपण निवडून दिलेल्या आमदारांच्या सभागृहात झालं. त्या दिवशी आपला आमदार सभागृहात काय बोलला, हा प्रश्न वऱ्हाडात त्याला किती जणांनी विचारला?

लोकांना थेट विचारण्याची वाट महाराष्ट्रात नाही असं नाही. २१ सप्टेंबर २००८ रोजी रायगड जिल्ह्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत शासनानं रिलायन्सच्या महामुंबई सेझबद्दल, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राबद्दल, शेतकऱ्यांचं मत नोंदवून घेतलं. लोकांचा कौल विरोधात होता, आणि तो सेझ पुढे उभा राहिला नाही. ती गावंही एका धरणाच्या पाण्याची वाट पाहत होती. अप्पर वर्ध्याच्या लाभक्षेत्रात असं कोणी विचारलं नाही. उलट धरणात जमीन गेलेली माणसं मोबदल्यासाठी वर्षानुवर्षं फिरत राहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी मंत्रालयातल्या सुरक्षा जाळीवर उड्या मारल्या, तेव्हा कुठे मुंबईला सिंभोऱ्याचं नाव कळलं.

निर्णय बदलतात, याचं एक चांगलं उदाहरणही आपल्याच भागात आहे. अकोला-खंडवा मीटरगेज रेल्वे ब्रॉडगेज करायचं ठरलं तेव्हा जुना मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात होता, सुमारे ३९ किलोमीटर. मीटरगेजची गाडी हळू जायची. ब्रॉडगेजवर वेगानं आणि वारंवार धावणाऱ्या गाड्यांखाली जंगल दुभंगलं असतं. पर्याय होता तो हिवरखेड, सोनाळा, जामोद या बाजूनं वळसा घालण्याचा. अंतर थोडं वाढणार, पण वाटेत माणसांची वस्ती कितीतरी जास्त. २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून जंगलाबाहेरचा मार्ग मागितला आणि पुढे रेल्वेनं त्या दिशेनं विचार केला. वाघ वाचवायचा तर माणसाचं नुकसान होणारच, हे जे आपल्याला सतत ऐकवलं जातं, ते इथे खोटं ठरलं. जंगलाबाहेरचा मार्गच जास्त गावांच्या सोयीचा होता.

मेळघाटाच्या आतल्या माणसांचं दुःख मात्र वेगळं आहे. २६ एप्रिल २०२४ ला लोकसभेसाठी मतदान झालं तेव्हा रंगुबेली, धोकडा, खामदा यांसारख्या गावांनी रस्ता, वीज आणि पाण्यासाठी मतदानावर बहिष्कार टाकला. अशा गावांत उमेदवार वन खात्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. त्याला वनहक्क कायद्याचं कलम ३(२) विचारावं. शाळा, पाण्याची टाकी, विजेची तार, रस्ता अशा १३ सुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटत नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीनं ती देता येते. जंगलही राहतं आणि गावालाही वीज मिळते. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरनं याच कायद्याखाली २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, उजाड टेकडीवर जंगल उभं केलं, सीताफळं विकली, आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार घेतला. तिथे लोकांनी मत दिलं ते ग्रामसभेत, वर्षातून कितीतरी वेळा.

शहरातल्या मतदारासाठी थोडक्यात. जानेवारी २०१८ मध्ये अकोल्यात हजारो लोक मोर्णा नदी साफ करायला उतरले, पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांचा उल्लेख केला. ती माणसं कौतुकाला पात्रच आहेत. पण नदीत माजणारी जलकुंभी वाढते ती सांडपाण्यावर. नाल्यांचं पाणी शुद्ध न होता नदीत येत राहिलं तर ती पुन्हा उगवणारच. सांडपाणी शुद्ध करणं महापालिकेचं काम, आणि अकोला, अमरावती या दोन्ही महापालिकांत मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकच कारभार पाहत होते. अमरावतीच्या सुकळी डेपोवरच्या कचऱ्याबद्दल प्रभागातून जाब विचारायला निवडून आलेला माणूस नव्हता. २५ मे २०२४ ला अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर गेल्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावं लागलं. अशा शहरात नगरसेवकाच्या उमेदवाराला डांबरी रस्त्याइतकंच सावलीबद्दल आणि नाल्याबद्दल विचारलं पाहिजे.

कापसाचा भाव आणि कर्जमाफी हे मुद्दे दुय्यम आहेत असं मी म्हणत नाही. पण भाव मिळाला तरी विकायला पीक हवं, आणि खारपाणपट्ट्यात पीक दोन ओलितांवर अडतं. त्या ओलिताचं पाणी हिवाळ्याच्या तोंडाशी ठरतं. १५ ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे त्यावरून पालकमंत्री आणि आमदार बसतात त्या बैठकांमध्ये पिण्याचं आरक्षण आणि कालव्याची आवर्तनं ठरवली जातात. वान, काटेपूर्णा, शहानूर, अप्पर वर्धा, यांपैकी आपल्या धरणाच्या गेल्या पाच वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तं माहितीच्या अधिकारात मागता येतात. कोणता आमदार हजर होता, त्यानं काय मागितलं, काय मान्य केलं, हे त्यात असतं. उमेदवार दारात येईल तेव्हा हा कागद हातात असू द्या.

(पुढच्या लेखांकात : जाहीरनाम्यातलं सिंचन क्षेत्र कसं तपासायचं)