ई-मेल खात्यांचे जुन्या डोमेनवरून नव्या डोमेनवर स्थलांतर : महाविद्यालयांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि विरारकरांच्या पत्त्यातील जिल्हा बदलला. तथापि पाकिटावर 'जि. ठाणे' असे लिहिलेले असले तरी विरार पश्चिमेचा ४०१३०३ हा पिन क्रमांक कायम असल्याने टपाल खात्यास पत्ता ओळखता येतो. ई-मेलला ही सवलत नाही. पत्त्यातील डोमेन बदलले की पत्राची वाटच बदलते.

असे स्थलांतर मोठ्या प्रमाणावर नुकतेच घडले. भारतीय रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाद्वारे बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या डोमेनवर जाण्यास ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत मुदत दिली. वसईतील बॅसीन कॅथॉलिक बँकेसारख्या नागरी सहकारी बँकाही त्याच्या कक्षेत आल्या. बनावट डोमेनद्वारे होणारी फसवणूक रोखणे हा यामागील हेतू होता. शिक्षणक्षेत्रात 'डॉट एसी डॉट इन' व 'डॉट ईडीयू डॉट इन' ही डोमेन अर्नेट इंडियामार्फत पात्र संस्थांनाच मिळत असल्याने त्यांना तशीच विश्वासार्हता आहे. 'डॉट कॉम' वा 'डॉट ऑर्ग'वरून तिकडे वळणाऱ्या महाविद्यालयांसाठी या प्रक्रियेचे आकलन आवश्यक ठरते.

संकल्पना :
'ॲट' चिन्हापुढील भाग म्हणजे डोमेन. त्याची पत्रे कोणत्या सर्व्हरने स्वीकारावीत, हे डीएनएसमधील एमएक्स नोंद सांगते. डोमेनचे नाव, पत्रे स्वीकारणारा सर्व्हर आणि साठलेली पत्रे या तीन भिन्न गोष्टी होत. नवे डोमेन घेतल्याने जुनी पत्रे आपोआप तेथे जात नाहीत.

प्रक्रिया :
१) वैयक्तिक खात्यांसह प्राचार्य, परीक्षा विभाग, ग्रंथालय अशा पदनिहाय पत्त्यांची यादी करावी.
२) नवी खाती आधी उघडावीत. सर्व्हर तात्पुरता बंद असल्यास पाठवणारा सर्व्हर साधारणतः चार-पाच दिवस पुन्हा प्रयत्न करतो. परंतु 'असे खाते नाही' हे उत्तर मिळाल्यास पत्र तत्काळ परत जाते.
३) सर्व्हरही बदलत असल्यास साठलेली पत्रे आयमॅपद्वारे उतरवून घ्यावीत. संपर्कसूची व दिनदर्शिका आयमॅपमध्ये येत नसल्याने त्या स्वतंत्रपणे न्याव्यात.
४) एमएक्स नोंद बदलण्यापूर्वी एक-दोन दिवस तिचा टीटीएल ३०० सेकंदांपर्यंत कमी करावा, म्हणजे बदल लवकर सर्वत्र पोहोचतो.
५) नव्या डोमेनसाठी एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या नोंदी कराव्यात, अन्यथा महाविद्यालयाचीच पत्रे स्पॅममध्ये जाण्याचा संभव असतो.
६) जुना पत्ता त्याच टपालपेटीस उपनाम म्हणून जोडावा. केवळ पुढे पाठवण्याची सोय केल्यास एसपीएफ पडताळणी अयशस्वी होऊ शकते.

जुन्या डोमेनचा प्रश्न :
स्थलांतर पूर्ण झाल्यावर जुन्या डोमेनचे शुल्क वाचवण्याचा मोह होतो. खरा धोका येथेच आहे. नूतनीकरण न झालेले डोमेन कालांतराने कोणासही विकत घेता येते. नवा मालक एमएक्स नोंद आपल्या सर्व्हरकडे वळवून त्या पत्त्यांवरील सर्व पत्रे मिळवू शकतो. एखाद्या प्राध्यापकाचे ऑर्किड, प्रकाशकाचे संकेतस्थळ वा शासकीय पोर्टल जुन्या पत्त्याशी जोडलेले राहिल्यास पासवर्ड बदलण्याचा दुवाही त्याच्याच हाती पडतो. शिवाय प्रकाशित शोधनिबंधावर छापलेला पत्रव्यवहाराचा पत्ता बदलता येत नाही. दहा वर्षांनीही एखादा संशोधक त्यावरच लिहील. म्हणून प्रत्येक प्राध्यापकाने आपली बाह्य खाती नव्या पत्त्याशी जोडावीत आणि संस्थेने जुने डोमेन शक्य तितकी वर्षे नूतनीकृत ठेवावे.

निष्कर्ष :
डोमेन-स्थलांतर ही केवळ संगणक विभागाची तांत्रिक बाब नसून प्राध्यापकांच्या शैक्षणिक ओळखीशी निगडित बाब आहे. नव्या पत्त्याची घोषणा एका दिवसात होते. जुन्या पत्त्याची जबाबदारी मात्र दीर्घकाळ वाहावी लागते. नूतनीकरणाचे अल्प शुल्क हा त्या जबाबदारीचा सर्वांत स्वस्त भाग होय.