रावळगाव: उसाच्या मळ्यातून काचेच्या बरणीत

मालेगाव तालुक्यातल्या रावळगावचं नाव गोळीच्या कागदावर छापलं गेलं नसतं, तर नाशिक जिल्ह्याबाहेर ते कितीजणांना ठाऊक झालं असतं?

वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये इथे साखर कारखाना काढला. आदल्याच वर्षी आयात साखरेपासून देशी उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला होता आणि देशभर कारखाने उभे राहत होते. सोलापूरच्या दोशी घराण्यातल्या या उद्योजकाची ओळख आपण जहाजं, विमानं आणि मोटारींवरून करून देतो. पण त्यांच्या उद्योगाची सर्वांत जास्त हातांत पडलेली वस्तू ही गोळीच असावी, असं मला मनापासून वाटतं.

१९४२ च्या सुमारास गोळ्या बनू लागल्या. साखर दारातच होती. साखर आणि ग्लुकोजचा पाक दीडशे अंशांच्या आसपास आटवायचा, की पाणी जेमतेम दोन-तीन टक्के उरतं. ग्लुकोजमुळे साखरेचे खडे बांधत नाहीत, गोळी पारदर्शक राहते. पावसाळी हवेत मात्र ती लगेच चिकटते. म्हणून प्रत्येक गोळीला दोन्ही टोकांना पीळ दिलेला स्वतंत्र कागद. पुढे मँगो मूड, कॉफी ब्रेक, टूटी फ्रूटी आल्या. या सगळ्यांत पान पसंद मला खरी प्रतिभेची वाटते. परदेशी चवीची नक्कल न करता जेवणानंतरचा विडा कुणीतरी गोळीत उतरवला, आणि तो लहान मुलांनाही खाता येऊ लागला!

पुढे या गोळ्यांच्या धंद्याला उतरण लागली. तिचं कारण मला नाण्यात दिसतं. साखर, इंधन, मजुरी महागली की बिस्किटवाला पुड्यातलं वजन घटवतो. सुटी गोळी किती लहान करणार? तिची किंमत नाण्याला बांधलेली. आठ आण्यांवरून थेट रुपया, मधली पायरीच नाही. त्यात एकीकडे मोठ्या कंपन्या, दुसरीकडे गल्लीतले स्वस्त कारखाने. वाढलेला खर्च गिऱ्हाइकावर टाकता येईना.

फेब्रुवारी २०२४ मध्ये या गोळ्यांची नावं आणि पाककृती रिलायन्सच्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना घेतल्या. जमीन, इमारती, यंत्रं मूळ कंपनीकडेच राहिली. ऐंशी वर्षं लोकांच्या जिभेवर राहिलेल्या चवींचं हे मोल मला फार थोडं वाटतं.